काडीच्या शिदोरीचं सांगायचं राह्यलं

दाजी, तुमचा दहावा व्हायच्या आधीच म्या तुमच्या वाफ्यातली तुतीची एक काडी उपटून पाह्यली. शरम वाटायला पाहिजे व्हती. वाटली बी. पण आधी काडीचं बूड पाह्यलं, अन् मंग वाटली.

बुडाला काहीच न्हव्हतं. मुळी न्हाई अन् मुळीचा बाप बी न्हाई. तुमी असते तर म्हणले असते, "भिकाशेट, लेकराला घडीघडी पाळण्यातून काढून पाह्यलं तर ते झोपंल कव्हा?" म्या ती काडी परत खोचली, माती दाबली, हात झटकले अन् कुणी पाह्यलं तर न्हाई म्हणून वळलो, तर माझी आक्का ओट्यावर बसून माझ्याकडंच पाहून राह्यली व्हती. काही बोलली न्हाई. दुसरा टाइम असता तर धावड्याच्या येशीपर्यंत ऐकू जाईल आसं बोलली असती. तिचं न बोलणं पाहून मला पह्यल्यांदा बराबर कळलं की तुमी गेले.

मला लिहिता येतं ते सहीपुरतं. सही बी अशी की बँकेतला माणूस दोनदा करायला लावतो अन् दोन्ही येगळ्या निघतात. म्हणून मी बोलून राह्यलो अन् तुमची वैशाली लिहून घेऊन राह्यली. ती म्हणली, मामा, बाबांविषयी चार चांगले शब्द सांगा. म्या म्हणलं, चांगलं सांगायला समदं गाव बसलंय. मला त्यायच्याशी भांडायचंय. अर्धं भांडण माझ्या अंगावर टाकून गेले, ते कुणी मिटवायचं? अन् भांडण बी सादं न्हाई. त्या काड्यांवर आक्काचं आखाड्यावर, ह्या शेतातल्या घरात, राहणं का जाणं, हे अडकून पडलं.

वैशाली म्हणते वाचणाऱ्याला कळायला पाहिजे, पह्यल्यापासून सांगा. बरं.

तुमची तुती. पाला रेशमाच्या अळ्याला, अन् वर जी बारीक जांभळी फळं लागायची ती तुमच्या नातीला. आसं ठरल्यालं व्हतं. पण मी हसनाबादहून आलो की आखाड्यावर यायच्या आधी तुतीतून यायचो. तुमी इचारायचे, "भिकाशेट, फळं खाल्ले का?" मी म्हणायचो, न्हाई बा. अन् न्हाई म्हणायला तोंड उघडलं की जीभ जांभळी. इतके वरीस झाले, एकदा बी मला तोंड बंद ठेवून न्हाई म्हणायचं सुचलं न्हाई.

औंदा जुन्या प्लॉटाला मूळकूज लागली. झाडं उभ्या उभ्या बसली. त्यातल्या घराजवळच्या तीनच रांगा धडधाकट राह्यल्या. मी म्हणलं, दाजी, नर्सरीतून रोपं आणू, जल्दी काम व्हईल. तुमी म्हणले, "आपली झाडं हायेत की. ह्यांच्या काड्या लावू." मंग त्या तीन रांगा पाल्यासाठी कापायच्या बंद केल्या. काडी जून व्हऊ द्यायची, पेन्सिलीइतकी जाड झाली की कापायची, तीनचार डोळे ठेवायचे अन् वाफ्यात खोचायची. एवढं मला बी ठाऊक व्हतं. भांडण पुढं लागलं.

मी म्हणलं, ह्या आयाझाडांना चांगलं खाऊ घालू. आय जाडजूड तर लेकरू जाडजूड.

तुमी विडीचा धूर सोडला अन् म्हणले, "आता ह्यांना काही बी द्यायचं न्हाई. पाणी बी बेतानं. उपाशी झाडाची काडी जगायला धडपडते. खाऊन माजलेल्या झाडाची काडी लोळत पडते."

"हे कुणी सांगितलं?"

"पुरावा घरात हाय. तुमी अन् तुमची आक्का."

मला कळलं तुमी कुठं निघाले. तुमी बोटावर मोजून मोजून सांगितलं, की भिकाशेट एकुलते एक, नवसाचे, नाव बी भिका ठेवलं म्हंजे नजर लागू नये. ताटात तूप, वरून दही. आक्का पोरीची जात, उरलंसुरलं खाणारी, लग्नात काडीवानी दिसायची, बांगडी कोपरापर्यंत जायची. "ती काडी म्या इथं आणून लावली," तुमी म्हणले, "अन् बघा कशी धरली. घर धरलं, शेत धरलं, मला धरलं. अन् तुमी? तूप खाऊन घनसावंगीला जीपवर क्लीनर झाले, तिथं न्हाई टिकले. चहाचा गाडा लावला, तो न्हाई टिकला. हसनाबादला कटिंगचं दुकान टाकलं, पह्यल्याच गिऱ्हाइकाचा कान कापला."

"थोडाच कापला व्हता."

"भिकाशेट, कानात थोडा काय अन् लय काय."

कान खरा व्हता. पण पुरावा मला पटला न्हाई. मी म्हणलं, लावा पैज. एक रांग तुमची, उपाशी ठेवा. एक रांग माझी, मी खाऊ घालतो. ज्याच्या काड्या धरतील तो जिंकला. हरला त्यानं जिंकणाऱ्याच्या पायावर डोकं ठेवायचं.

वैशाली तव्हा सुट्टीला आल्ती. ती म्हणली, "बाबा, जावई साल्याच्या पाया पडतात का कुठं?"

तुमी म्हणले, "माझ्यावर ती येळच येणार न्हाई."

तिसऱ्या रांगेचं कुणी नाव काढलं न्हाई. ती न्हाणीला लागून व्हती, भांडे घासायला जायच्या वाटंवर. ती तशीच राह्यली, ना उपाशी ना जेवलेली.

मी माझ्या रांगेला काय काय घातलं ते आता सांगायला हरकत न्हाई. तुमी विचारायचे तव्हा मी म्हणायचो, थोडा युरिया. थोडा कसला. घमेल्यानं घातला. पाणी तर इतकं की बेडकं राहायला आली. महिन्याभरात माझी रांग काळी हिरवी झाली, फांद्या मनगटाएवढ्या, पाला माझ्या तळहाताच्या दुप्पट. तुमची रांग बाजूला, पिवळट, काटकुळी, पानं बारकी, जशी काही आजारी माणसं दवाखान्याच्या रांगेत उभी. मी येणाऱ्या जाणाऱ्याला हाताला धरून दाखवायचो. तुमी लांबून पाहायचे अन् म्हणायचे, "भिकाशेट, झाड बाळंतपणाला आल्यासारखं दिसून राह्यलं, पण पोटात पाणीच हाय."

एकदा तुमी मला अळ्याच्या शेडात नेलं ते आठवतं का. म्हणले, चप्पल काढा, बोलू नका, नुसतं ऐका. अळ्या पाला खाऊन राह्यल्या व्हत्या. बारीक करकर, जसं लांबून कुणी कोरडी कडबी तुडवत चाललंय. तुमी म्हणले, "हा आवाज मोठा असला म्हंजे पाला कसदार. युरियाचा पाला दिला की आवाज पह्यले दोन दिवस मोठा, अन् मंग अळ्या गप." मला वाटलं तुमी पैज जिंकायला मला बहकवून राह्यले. आता वाटतं तुमी नुसतं दाखवत व्हते. तुमचं दाखवणं अन् डिवचणं एकाच आवाजात असायचं, मी काय करणार.

काड्या कापायचा दिवस आला तव्हा तुमचा दम वाढला व्हता. तुमी खाटंवर बसून सांगायचे, मी कापायचो. कात्री नवी व्हती, आक्का म्हणली, कान सांभाळा. शेंडा घ्यायचा न्हाई, बूड घ्यायचं न्हाई, मधला तुकडा घ्यायचा. माझ्या फांद्या कापायला लय सोप्या, काकडीवानी. कापल्या जागी पाणी यायचं. तुमच्या फांद्या कटकट वाजायच्या. बेणं कमी पडंल म्हणून तिसऱ्या रांगेचं बी काढलं. तीन वाफे केले. माझ्या वाफ्याला लाल चिंधी, तुमच्या वाफ्याला तुमच्या बनियनची चिंधी, तिसऱ्याला काहीच न्हाई. ऊन लागू नये म्हणून वरती आक्काच्या जुन्या साड्या बांधल्या. अन् मी अर्धा वाफा खोचून झाल्यावर तुमी खाटंवरून म्हणले, "भिकाशेट, डोळे खाली करून कुठं बघायला लावता त्यायला? जमिनीत काय तमाशा हाय?"

म्या समद्या काड्या उलट्या खोचल्या व्हत्या. परत काढल्या, परत खोचल्या. तुमी हसले तव्हा खोकला लागला, अन् आक्का पाणी घेऊन पळत आली, अन् मला म्हणली, "भिक्या, तू त्यायला हसवू नको."

तव्हाच तुमी ते बोलले. खोकला थांबल्यावर एक काडी हातात घेतली, माझ्याच रांगेतली, अन् नखानं साल खरवडून पाह्यली. म्हणले, "ह्या काडीला आता ना मूळ ना पान. मूळ फुटोस्तर तिला कुणी खायला घालणार न्हाई. माहेरून निघालेली लेक जशी, आईनं फडक्यात बांधून दिलं तेवढ्यावरच वाट काढायची. तुमी आईला नुसतं पाणी पाजलं, भिकाशेट. शिदोरीत पाणीच बांधलं जाईल."

मला हे बोलणं आवडलं. पण पैज व्हती. म्या म्हणलं, "दाजी, मंग तुमी तुमच्या रांगेला उपाशी ठेवलं. उपाशी आय शिदोरीत काय बांधणार? हवा?"

तुमी काडी खाली ठेवली. माझ्याकडं पाह्यलं, बनियनच्या चिंधीकडं पाह्यलं. अन् दाजी, इतक्या वरसात पह्यल्यांदा तुमी म्हणले, "उद्या सांगतो."

उद्या तुमाला दवाखान्यात नेलं. दवाखान्यात मी हे इचारलं न्हाई, कारण तोंडावर नळी व्हती, अन् मी कितीबी येडा असलो तरी तेवढं कळतं. खोटं काहून बोलू, एकदा तोंडात आल्तं. गिळलं.

तुमी गेले तव्हा काड्यांचे डोळे फुटायला लागले व्हते. माझ्या वाफ्यात समद्यात आधी. तुमच्या घरी सुतक, आखाड्यावरच्या कुणी शेताला हात लावायचा न्हाई. मी तुमच्या बायकोकडचा, दुसऱ्या घरचा, आंघोळ केली की मोकळा. आक्कानं मला बोलावलं अन् एवढंच म्हणली, "पाणी तेवढं दे. साड्या उडू देऊ नको." मी हसनाबादहून रोज यायला लागलो. पाणी द्यायचो. अन् हे सांगतो ते वैशालीला लिहू नको म्हणलं तर ती म्हणते लिहिणारच, तर ऐका. माणसं भेटायला यायची, रडायची, आक्काजवळ बसायची, अन् जाताना मी त्यायला वाफ्यावर न्यायचो. भोकरदनहून तुमची चुलतमावशी आल्ती, डोळ्याला पदर लावल्याला, मी म्हणलं, मावशे, इकडं ये, माझी रांग बघ. तिनं पदरातून पाह्यलं. चांगली हाय, म्हणली, अन् परत रडायला लागली. मला वाटलं बिचारीला तुमची रांग पाहून रडू आलं.

तुमच्या वाफ्यात डोळे उशिरा हालले. काही हाललेच न्हाई. तिसरा वाफा आपला मधला, ना आधी ना मागं.

दहावं झालं, तेरावं झालं. वैशालीनं आक्काला धरलं, संभाजीनगरला चल. घर हाय, नात हाय, इथं एकटी काय करशील, जुनी तुती गेली, नवी व्हईल का न्हाई कुणाला ठाऊक. आक्का दोन दिवस वाफ्यांभवती फिरली. मंग म्हणली, "लेकीच्या घरी चार दिवस चांगले जातात. मंग मला बी जड जाईल अन् तिला बी." अन् वाफ्याकडं हात केला. "हे धरले तर राहते. न्हाई धरले तर येते. त्यायनं लावलं ते पाहून ठरवते."

आता तुमीच सांगा, माझी काय गत झाली आसंल. तवर ती पैज व्हती. आता ते आक्काचं घर झालं. अन् त्यातला एक वाफा समदा माझ्या युरियावर उभा.

एक काडी तर दहाव्याआधीच उपटली व्हती, त्या दिवसापासून मी उपटतच राह्यलो. झोप लागायची न्हाई म्हणून न्हाई, मला राहवायचंच न्हाई म्हणून. एक आज, एक परवा. तुमच्या काडीच्या बुडाला एक दिवस पांढरा फुगवटा दिसला, ज्वारीची लाही फुटावी तसा. मी खुश झालो, मुळी आली म्हणून आक्काला हाक मारायला निघालो. मंग नीट पाह्यलं. ती मुळी न्हव्हती, मुळी व्हायचा इचार व्हता. काडी इचार करून राह्यली व्हती अन् मी तिला उपटलं. परत खोचली तर ती दुसऱ्या आठवड्यात वाळली. अशा किती काड्यांचा इचार म्या मोडला, ते सांगत न्हाई. आक्कानं शेवटी वाफ्याला बाभळीच्या काट्या लावल्या. बकऱ्यासाठी लावल्या म्हणली. आखाड्यावर बकरी न्हाई.

अन् मंग माझी रांग बसली. एका ऊन्हाच्या दिवसात. सकाळी पानं तळहाताएवढी, दुपारी समदी मान टाकून. म्या पाणी दिलं. अजून दिलं. साड्या दुहेरी केल्या. दुसऱ्या दिवशी पानं खाली, काडीला हात लावला तर बुडातून निघून हातात आली. बूड काळं, गुळगुळीत, आंबल्याला वास. पाला काढायला काडीनं समदी शिदोरी खर्ची घातली व्हती, अन् मुळीला काही ठेवलंच न्हव्हतं. म्हणजे कसं, दाजी, मी जसं पह्यल्या पगारात गॉगल घेतला व्हता.

मी काट्याच्या बाहेर बसलो अन् पह्यल्यांदा तुमच्यासाठी रडलो. तेराव्याला न्हाई रडलो, तव्हा पंगतीत वाढत व्हतो. हरल्यावर रडलो. माणसं आली, त्यायला वाटलं दाजीची आठवण आली. आठवणच व्हती. तुमी बरोबर व्हते अन् सांगायला न्हव्हते, ह्याच्यापेक्षा मोठी आठवण काय असते.

पण तुमी बी बरोबर व्हते का, हे अजून पाहायचं राह्यलं व्हतं.

महिन्याचं घातलं, पाव्हणे गेले, अन् आक्कानं काट्या काढल्या. खुरपं घेऊन वाफ्यात बसली. मी बाजूला, वैशाली तिच्या मागं.

"भिक्या, तुझा दाखव."

"माझा राहू दे."

"काहून? समद्या तालुक्याला दाखवला, मला न्हाई दाखवत?"

तिनं माझा वाफा उकरला. लाल चिंधीपासून दुसऱ्या टोकापर्यंत समदं काळं. दोनचार काड्या कशाबशा जित्या. आक्कानं मेल्याल्या काड्या गोळा करून बाजूला ठेवल्या, जळणाला बी यायच्या न्हाईत इतक्या वल्या.

मंग तुमचा वाफा. दाजी, मी मनात म्हणत व्हतो, धरला आसंल, समदा धरला आसंल, मी पाया पडतो, आक्का राहू दे. बारीक बारीक काड्या व्हत्या त्या उभ्या उभ्या वाळल्याल्या. डोळाच फुटला न्हव्हता त्यायचा. शिदोरीत हवाच व्हती. पण ज्या जरा जाड व्हत्या, त्यायच्या बुडाला दोन दोन, तीन तीन मुळ्या. थोड्या, पण चिवट. आक्कानं एक वढून पाह्यली तर मातीच सोडंना. तुमच्यासारख्याच.

"अर्ध्याच्या वर गेला हा बी," आक्का म्हणली. अन् बनियनची चिंधी सोडून कमरेला खोचली.

वैशालीनं हळूच इचारलं, "आई, मंग?" आक्कानं खुरपं उचललं अन् तिसऱ्या वाफ्यात घातलं.

पह्यली काडी निघाली, बुडाला चहूकडून मुळ्या. शेवयासारख्या, पांढऱ्या, ओल्या मातीचे दाणे लागल्याल्या. दुसरी तशीच. तिसरी तशीच. आक्का भराभर उकरायला लागली. मी म्हणलं, आक्का हळू, मोडतील, अन् माझं मलाच हसू आलं, की कोण कुणाला हळू म्हणून राह्यलं. मरतूक त्यात बी व्हती, पण थोडी. वाफा धरला व्हता.

मी म्हणलं, "ह्या रांगेला कोण काय घालत व्हतं?"

आक्का म्हणली, "कोण घालंल? कुणी न्हाई."

"आठव की."

"चुलीची राख टाकायचे. ते जवळ पडायचं. गोठा झाडल्याला कचरा. भांड्याचं पाणी जायचं तिकडं. घालायचं म्हणून न्हाई टाकलं काही."

रोज थोडी राख, थोडं शेणाचं, थोडं पाणी. युरियाचा दाणा न्हाई, अन् उपास बी न्हाई. आपण दोघं पैज लावून दोन टोकाला बसलो व्हतो, तुमी न्हाई म्हणून अन् मी हो म्हणून, अन् मधून आक्का घमेलं घेऊन जायची. आपल्या पुढून जायची, दाजी. तुमी खाटंवर, मी बांधावर. आपण पाय बाजूला घ्यायचो तिला वाट द्यायला.

मी म्हणलं, "पण दाजी तर म्हणायचे तूच पुरावा हाय. उपाशी घरातून आली म्हणून इथं धरली."

आक्कानं खुरपं थांबवलं. "उपाशी कोण व्हतं?"

"तू. मला तूप, अन् तुला उरलंसुरलं."

अन् आक्का हसली, दाजी. तुमी गेल्यावर पह्यल्यांदा. "मी पाण्याहून आले की माय मला चुलीमागं बसवायची. मूठभर शेंगदाणे अन् गुळाचा खडा. कधी भाकरीवर तेल-मीठ. तुझ्यावानी पातेलं पुढं ठेवून न्हाई, रोज थोडं थोडं. आजीला दिसू द्यायची न्हाई, ती बोलायची. मी काटकी व्हते ते अंगच तसं. उपाशी एक दिवस न्हाई राह्यले."

"मंग दाजीला सांगितलं काहून न्हाई कधी?"

"त्यायला लय कौतुक व्हतं. उपाशी पोरगी आणली अन् नांदवली. पाव्हण्यापुढं सांगायचे तव्हा छाती पुढं यायची. कशाला मोडायचं."

आइकलं का दाजी? ज्या पुराव्यावर तुमी पैज लावली, तो पुरावा रोज शेंगदाणे खाऊन आल्ता. अन् समद्या संसारभर तुमच्या पुढं भाकरी थापत बसला अन् तुमाला कळू दिलं न्हाई. मला आधी तुमची कीव आली. मंग वाटलं, तुमाला कळलं असतं तर तुमी इतकं जपलं असतं का तिला, उपाशी आली म्हणून? पह्यला घास तिच्या ताटात ढकलायचे तुमी, मी पाह्यलंय. ते बी तिला लागलंच की. मंग ती शिदोरीवर जगली का तुमच्या घासावर, हे कसं काढायचं? ह्याची पैज कशी लावायची, दोन आक्का तर न्हाईत.

हेच मला तुमाला इचारायचं हाय. अन् ते उद्याचं बी. तुमी काय सांगणार व्हते? मी रोज एक जवाब बनवतो तुमच्या आवाजात, अन् रोज तो मलाच पटत न्हाई. कधी वाटतं तुमाला बी ठाऊक न्हव्हतं, अन् तुमी रातभर इचार करणार व्हते. काडीसारखा. अन् कुणीतरी उपटलं.

तिसरा वाफा अन् तुमच्या वाचलेल्या काड्या मिळून अर्ध्या रानाला पुरतात. समद्याला न्हाई. वैशालीनं ते पाह्यलं अन् आईकडं पाह्यलं. आक्का उठली, गुडघ्याची माती झटकली. "अर्ध्यात लावू," म्हणली. "अर्ध्यात जवारी टाकू. पुढल्या साली ह्याचंच बेणं काढू. तवर मी कुठं येत न्हाई." मंग माझ्याकडं वळून, "अन् तू खताच्या गोणीला हात लावायचा न्हाई." वैशालीनं मान हलवली. ते जे मान हलवणं व्हतं ते बिलकुल तुमचं, हार मानायची पण तोंडानं न्हाई.

राह्यली पैज. मी हरलो, ते तर दिसतच व्हतं. पण तुमी बी जिंकले न्हाई, दाजी. जिंकली ती जिनं पैज लावलीच न्हाई. अन् पैज तर वैशालीदेखत झाल्ती, मोडता यायची न्हाई. म्या टोपी काढली अन् तिथंच वाफ्यात, चिखलात, आक्काच्या पायावर डोकं ठेवलं. मोठी बहीण, त्यात काही न्हाई. ती म्हणली, पुरे, उठ, चिखल लागला तोंडाला.

उठलो. अन् परत पडलो.

"आता हे काय?"

"पह्यलं माझं," मी म्हणलं. "हे दाजीचं."

आक्कानं पाय झटकन साडीत वढून घेतले. नवऱ्याला कुठं पाया पडू देतात. मी तसाच वाकून राह्यलो, कारण तुमच्या वतीनं आल्तो, तुमचं झाल्याबिगर उठायचं कसं. ती तिसऱ्या वाफ्याकडं लय येळ पाहत व्हती. अन् मंग, दाजी, तिनं पाय परत पुढं केले.